एकोणीस दिवसांचा कॅनडावाला

ॲन्सिल जोफील्डला कॅनडाला जाताना पोचवायला आम्ही तीन गाड्या भरून गेलो होतो. मी स्वतः काळा केक केला होता, दोन महिने रममध्ये मुरवलेल्या मनुकांचा. रडारड झाली, मिठ्या झाल्या. आमच्या बँडचा कप्तान कथबर्ट, त्याला भाषणाची भारी हौस, तो विमानतळाच्या दारातच सुरू झाला आणि 'आपला ॲन्सिल आता आपला राहिला नाही' असं म्हणून त्याने बायकांना पुन्हा रडवलं. आणि विसाव्या दिवशी सकाळी मी माझ्या दुकानाची फळी उघडते, तर समोरच्या पॅनयार्डातून, आमच्या बँडच्या तालमीच्या आवारातून, टण्, टण्, टण्! हा बाबा तिथे बसलेला. मांडीवर पॅन, हातात हातोडी, डावा डोळा मिटलेला.

मी रस्ता ओलांडून तडक गेले. "अरे मेल्या, हाकलून दिलं की काय त्यांनी तुला?"

"हाकलतील कशाला? मी हजेरी लावून आलो," तो वर न बघता म्हणाला. "आता मी तिथला कायमचा रहिवासी आहे. कायमचं म्हटल्यावर घाई कसली?"

"मग माझा केक परत दे."

"तो विमानातच संपला. बाजूच्या बाईने पण खाल्ला. तुझी आठवण काढली तिने."

असा हा माणूस. वय एकसष्ट, अंगाने काटकुळा, आणि कान असे की माझ्या दुकानातल्या फ्रिजची घरघर कालच्यापेक्षा आज खाली आलीय हे तो रस्त्यापलीकडून सांगणार. इथे त्रिनिदादला आमच्या टेकडीवरच्या बँडची सगळी पॅन त्याने सुरात आणलेली. पॅन म्हणजे लोखंडी पिंप; ते ठोकून ठोकून त्यातून गाणं काढायचं, हेच त्याने एकतीस-बत्तीस वर्षं केलं. कार्निव्हलच्या तोंडावर बँडांची पॅनोरामा स्पर्धा होते; तिच्याआधी साठ माणसांची पॅन एकमेकांशी जुळवावी लागतात, नाहीतर साठ माणसं साठ घरांत वाजवतायत असं वाटतं. ते जुळवणं आमच्याकडे फक्त ॲन्सिलला जमतं. म्हणून तर तो जानेवारीच्या थंडीत टोरांटोला उतरून, कागदावर शिक्का मारून घेऊन, एकोणिसाव्या दिवशी परत विमानात बसला.

मी हे सगळं सांगतेय ती मर्टल. यार्डासमोर माझं दुकान, आणि बँडमध्ये मी बेस वाजवते, सहा पिंपं एकटी. ॲन्सिलची बायको व्हर्ना माझी जिवाची मैत्रीण होती. सहा वर्षं झाली तिला जाऊन. त्यामुळे त्याच्यावर ओरडायचं काम आता माझ्याकडे आलंय.

तो शिक्क्याचा कागद त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता आणि येईल त्याला दाखवत होता. कथबर्टची बहीण माँट्रियलला, त्यामुळे त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, "या कागदावर एकदाच आत जाता येतं, ॲन्सिल. ते तुझं जाऊन झालं. आता रहिवासाचं कार्ड लागेल. कार्ड नसेल तर विमानवाले तुला पायरीसुद्धा चढू देणार नाहीत."

"माहितीय रे. कार्ड टपालाने ॲव्हनेलच्या घरी येणार. कार्निव्हलसाठी अर्धं टोरांटो इकडे उतरतंय, कोणीतरी खिशात घालून आणेल. यात काय मोठंसं?"

ॲव्हनेल त्याची एकुलती एक मुलगी. तिनेच त्याला बोलावून घेतलेलं. तिला मार्चमध्ये बाळ होणार होतं. नवरा उत्तरेकडे खाणीत, महिनोन्‌महिने बाहेर. आणि इथे मला एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. ॲव्हनेल जन्मली तो पॅनोरामाच्या अंतिम फेरीचा दिवस होता. व्हर्नाला कळा सुरू झाल्या, तिने माझा हात इतका आवळला की माझी बोटं दोन दिवस सुजली होती, आणि हे महाशय तिकडे सव्हानाच्या, स्पर्धेच्या मैदानावर पॅन जुळवत होते. दुसऱ्या दिवशी आले, अंगभर कार्निव्हलमध्ये उधळलेली पावडर, गळ्यात पदक. व्हर्ना तेव्हा काही बोलली नाही. नंतर मात्र पंचवीस वर्षं बोलली. ॲव्हनेल ते ऐकतच मोठी झाली. म्हणून तिने बापाकडून वचन घेतलं होतं की या खेपेला तुम्ही तिथे असायचं, बाबा. आणि ॲन्सिलने तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं. परतीचं तिकीट कार्निव्हलनंतरचं. सगळं कसं ठरलेलं, छान.

आणि मग पॅनोरामाच्या रविवारच्या फेरीआधीच्या बुधवारी फोन आला. माझ्याच दुकानात बसून तो पेलाव खात होता. त्याने फोन काउंटरवर ठेवला, कारण त्याचा एक हात चिकट होता, म्हणून मी पण ऐकलं.

"बाबा, डॉक्टर म्हणतात थांबायचं नाही. माझं ब्लडप्रेशर चढलंय. सोमवारी सकाळीच बाळ काढणार."

ॲन्सिलचा चमचा हवेत राहिला. "कुठल्या सोमवारी?"

"या सोमवारी! आणि तुमचं कार्ड अजून आलं नाही. मी रोज पेटी बघते. तुम्ही त्यांना पत्ता काय दिलात?"

"तुझाच की. इमारतीचा नंबर, रस्ता, सगळं माझ्या हाताने लिहिलं."

"फ्लॅटचा नंबर?"

"तो कशाला? नाव लिहिलंय ना मोठ्या अक्षरात, जोफील्ड. पोस्टमनला विचारलं की सांगेल."

"बाबा," ती म्हणाली, "या इमारतीत चारशे फ्लॅट आहेत."

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू, मला त्याचा राग आला आणि नाहीही आला. माझा स्वतःचा पत्ता काय? 'मर्टल, विजेचा खांब नंबर एकेचाळीस.' नुसतं 'मर्टल, टेकडीवर' लिहिलंत तरी आमचा पोस्टमन पत्र आणून हातात देईल, वर त्यात काय लिहिलंय ते विचारेल. ॲन्सिल जन्मभर अशा पत्त्यावर राहिलेला. त्याला काय ठाऊक की एका दारामागे चारशे दारं असतात!

पण त्या दिवशी मी त्याला सोडलं नाही. "एकोणीस दिवस लिफ्टने सतराव्या मजल्यावर जात होतास ना? मग सतरा आकडा तुझ्या टाळक्यात शिरला नाही?"

"मर्टल, ओरडू नकोस." त्याचा आवाज एवढासा झाला होता. "मी या वेळी पण चुकणार, होय ना?"

त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं. व्हर्ना गेली तेव्हासुद्धा नाही.

तर गुरुवारी ॲव्हनेल, पाय सुजलेले, पोट एवढं पुढे, तळमजल्यावरच्या टपालपेट्यांसमोर खुर्ची टाकून बसली. अकराला टपालवाली आली. पर्ला तिचं नाव, मूळची फिलिपिन्सची. ॲव्हनेलने विचारलं, "फ्लॅट नंबर नसलेलं पत्र आलं तर तुम्ही काय करता?"

"परत पाठवते. कोणाचं होतं?"

"जोफील्ड."

आणि ती बाई किंचाळलीच म्हणे. "पेट्या वाजवणारे काका? अहो, मी दोन आठवडे त्यांना शोधतेय!"

झालं होतं असं की आमच्या शहाण्याला घरात बसवत नसे. रोज अकराला तो खाली यायचा आणि पत्र्याच्या चारशे पेट्यांवर बोटाने टिचक्या मारत फिरायचा, कुठली कुठल्या सुरात आहे ते बघत. पर्लाला त्याने आपलं नाव सांगून एक पूर्ण ख्रिसमसचं गाणं पेट्यांवर वाजवून दाखवलं होतं, जानेवारीत. पाकिटावर ते नाव बघून तिला वाटलं, हे तेच असणार, भेटले की नंबर विचारू. तिने पाकीट परत पाठवलं नाही, टपालघरात राखून ठेवलं. आणि काका गायब! ती बिचारी समजली की थंडीने आजारी पडले.

दुकानात हे ऐकलं तेव्हा मी अशी आरोळी ठोकली की यार्डातली प्रॅक्टिस थांबली. कथबर्ट धावत आला, त्याला वाटलं चोर शिरला. ॲन्सिल पोत्यावर बसला होता आणि गदागदा हसत होता, डोळ्यांतून पाणी.

आता ते कार्ड इकडे आणणार कोण? शुक्रवारच्या विमानात एकच ओळखीचा निघाला, ऑस्बर्ट. हा ऑस्बर्ट म्हणजे तीस वर्षं टोरांटोत राहून दर कार्निव्हलला येणार आणि इथलं पाणी, इथले रस्ते, इथला उकाडा, सगळ्याला नाकं मुरडणार. आमच्यातलं कोणी त्याला दारात उभं करत नाही. पण शनिवारी सकाळी त्याच ऑस्बर्टला घ्यायला अर्धा बँड विमानतळावर हजर! दारातून तो बाहेर आला, लोकरीचा कोट हातावर, आणि एवढी माणसं बघून त्याचं तोंडच उघडं पडलं.

"माझ्यासाठी?"

"कार्ड काढ आधी," मी म्हटलं.

त्याने खाली वाकून मोज्यातून पाकीट काढलं. मोज्यातून! ॲन्सिलने त्या कार्डाचा मुका घेतला, मग वास आला तसं लांब धरलं, आणि मग पुन्हा घेतला. कथबर्टने ऑस्बर्टला उचलून धरलं. त्या वर्षी ऑस्बर्टने उकाड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तिकीट बदलायला काहीच त्रास झाला नाही. कार्निव्हलच्या आधी त्रिनिदाद सोडून जाणारा दुसरा वेडा होता कोण? विमान रिकामं पडलेलं. फक्त एक गोष्ट होती. विमान रविवारी दुपारी दोनचं, आणि आमच्या बँडची पाळी चारची. म्हणजे जी पॅन त्याने जुळवली ती सव्हानावर वाजताना तो पहिल्यांदाच ऐकणार नव्हता.

"ऐकून घेतो आणि रात्री..." असं त्याने एकदा सुरू केलं होतं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"रात्री विमान नाही," तो स्वतःच म्हणाला.

रविवारी सकाळी सहापासून तो मैदानावर होता. ऊन तापलं, पेहराव केलेली पोरं-बायका धुळीत नाचायला लागली, आजूबाजूला पंचवीस बँड एकाच वेळी वेगवेगळं वाजवत होते, आणि त्या कल्लोळात हा माणूस एकेका पॅनला कान लावून हातोडीने इतकं हळू ठोकत होता की जणू झोपलेल्याला उठवतोय. साडेअकराला सगळं झालं. बॅग गाडीत, कथबर्ट स्टिअरिंगवर. तेवढ्यात आमचा पॅनचा चाकांवरचा रॅक ढकलणाऱ्यांचा धक्का लागला आणि माझं तिसरं पिंप खांबावर आदळलं.

मी एकदा वाजवून पाहिलं. खालचा एक सूर बसला होता, पार किरटा. ॲन्सिलने गाडीतूनच ऐकलं. तो उतरला. आला. बोटाने टिचकी मारली, डावा डोळा मिटला.

"किती वेळ?" कथबर्टने हाक मारली.

"तासभर," ॲन्सिल म्हणाला.

तासभर म्हणजे विमान गेलं. मी तोंड उघडणार होते, शपथेवर सांगते, व्हर्नाच्या वतीने चार शब्द सुनावणार होते. पण मी त्याचा चेहरा बघितला. बेसुरी शिट्टी ऐकली तरी जेवण टाकून उठणारा हा माणूस. तो हातोडीकडे बघत उभा होता. मग त्याने ती माझ्या हातात दिली.

"मर्टल, तो सूर सोडून वाजव."

"अरे, चौदा वेळा येतो तो!"

"मग चौदा वेळा सोड." आणि पळाला. खरंच पळाला, एकसष्ट वर्षांचा माणूस, नाचणाऱ्या बायकांना ढकलत.

चारला आम्ही वाजवलं. देवा, काय वाजवलं! माझे हात माझे राहिले नव्हते, लोक बाकांवर चढले होते. चौदा वेळा मी हात वर उचलला आणि खाली आणला नाही. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, आता कुठे असेल हा, समुद्रावर असेल.

सोमवारी दुपारी फोन आला. मी फळी अर्धी लावली, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं.

"मुलगी!" तो ओरडला. "मर्टल, मुलगी! अडीच किलोची! रडते कशी माहितीय? असला स्वच्छ आवाज, पट्टीत एकदम! मी तिथेच होतो गं. दाराबाहेर नाही, आत! ॲव्हनेलने माझी बोटं इतकी आवळली, सुजलीत."

"चांगलं झालं," मी म्हटलं. मी वाट बघत होते की आता विचारेल, कितवा नंबर आला. एकतीस वर्षांत त्याने आधी हेच विचारलंय, मग पाणी मागितलंय. तो तिच्या नाकाबद्दल सांगत राहिला, मग नखांबद्दल. मग ॲव्हनेलने फोन घेतला.

"मावशी, बाबा तिला माझ्याकडे देतच नाहीयेत," ती म्हणाली. हसत होती आणि रडतही होती. "काल विमानतळावरून सरळ इथे हॉस्पिटलात आले, तेव्हापासून जागचे हलले नाहीत."

आमचा दुसरा नंबर आल्याचं त्याला गुरुवारी कथबर्टने फोन करून सांगितलं. "हो का?" म्हणाला म्हणे, आणि बाळाला ढेकर काढायची होती म्हणून फोन ठेवून दिला.