छतात गेलेला कोट

वर्ध्याचा उन्हाळा ज्याने एकदा काढला आहे, त्याला उष्णता म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे घर थंड ठेवणाऱ्या शीटची एजन्सी घेतली तेव्हा माल हातोहात जाईल अशीच माझी समजूत होती. जुने कपडे पिंजून त्यांचं दोन इंच जाड शीट बनवायचं, वाळवी लागू नये आणि पेट घेऊ नये म्हणून त्याला औषध मारायचं, आणि ते टिनाच्या किंवा स्लॅबच्या खाली बसवून त्याखाली पीव्हीसीचं सीलिंग लावून टाकायचं, एवढाच तो प्रकार. नागपूरच्या बाजूला एका गृहस्थांचा छोटा कारखाना होता. त्यांनी अख्खा वर्धा जिल्हा माझ्या हवाली केला, आणि सोबत नमुन्याची एक गुंडाळी आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा.

माहितीपत्रकावर छापलं होतं, 'पर्यावरणपूरक उष्णतारोधक'. पहिल्या आठवड्यात मी ज्यांच्या ज्यांच्यासमोर हे शब्द उच्चारले, त्यांनी मला आधी पाणी आणून दिलं. बाई उन्हातून आली आहे, जरा दम खाऊ द्या, असा भाव.

शेवटी माझ्या सासूबाईंनी नमुना उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "जुन्या कपड्याचं हाय ना? मंग वाकयच झाली. घराले वाकय." वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. शब्द कोणालाही कळेल असा होता, म्हणून मी तोच धरला, आणि नव्या फेऱ्यात अडकले. आता प्रत्येक दारात एकच प्रश्न यायचा, "काऊन ताई, वाकय पांघरल्यावर गरमी होते का थंडी?"

यावर उत्तर सापडायला मला पंधरा दिवस लागले. बर्फवाला बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणतो, ते काही बर्फाला ऊब देण्यासाठी नव्हे. बाहेरची गरमी आत जाऊ नये म्हणून. हे सुचल्यावर मी इतकी खूश झाले की वर्ध्यातल्या एका मोठ्या बिल्डरच्या साइटवर दोन स्टीलचे डबे आणि बर्फ घेऊन गेले. एक डबा आमच्या शीटमध्ये गुंडाळला, एक तसाच ठेवला, दोन्ही उन्हात. अर्ध्या तासाने बिल्डरसाहेबांना बोलवायला ऑफिसात गेले. परत आलो तर दोन्ही डबे रिकामे, आणि मिस्त्री आणि त्याचे चार मजूर लिंबूपाणी पीत बसलेले. "बर्फ मस्त होता ताई," मिस्त्री म्हणाला. "गुंडायलेल्या डब्यातला तर जसाच्या तसा होता." साक्ष माझ्या बाजूची होती, पण बिल्डरसाहेब हसत सुटले. "मॅडम, माल एक नंबर असन. पण लोक टाइल्स पाहतात, नळ पाहतात. सीलिंगच्या वर काय हाय ते कोन पाह्यते?"

बिल्डर सोडून मी घरमालक धरले. माझ्या मोपेडच्या मागे नमुन्याची गुंडाळी सुतळीने बांधायची आणि गावोगाव फिरायचं. त्या दिवशी आर्वीला निघाले होते. माझं माहेर आर्वीचं. माझा नवरा एसटीत कंडक्टर, त्याच मार्गावर. वाटेत त्याची गाडी थांबते त्या टपरीवर मी चहा घेतला, टपरीवाल्याने गुंडाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे पैसेच घेईना. तासाभरात नवऱ्याचा फोन. गाडीतले प्रवासी मागे ऐकू येत होते.

"तू कुठी चालली?"

"आर्वीला."

"बिस्तर बांधून? मी काय केलं, ते तर सांग."

"अहो, शीट आहे ते."

मग गाडीतल्या लोकांना उद्देशून त्याचा आवाज आला, "शीट हाय म्हनते." आणि लगेच एका म्हाताऱ्या बाईचा, "पहिले सगळ्या तसंच म्हनतात बापा."

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सेलूला. निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्या पत्नी. वरच्या मजल्यावर सरांची वाचायची खोली, तिला टिनाचं छत, त्यामुळे मार्च ते जून सर खाली स्वयंपाकघरात येऊन बसत आणि फोडणीत मोहरी जास्त झाली वगैरे सांगत. काकूंना ती खोली थंड करून हवी होती, कोणत्याही परिस्थितीत. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात अडकली.

"हे कपडे कोनाचे असतात?"

"लोकांचे. गोळा केलेले."

"मेलेल्याचे पन असतील?"

मी सांगितलं, धुऊन, पिंजून, औषध मारून येतात. काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. "माह्या डोक्यावर कोनाचा कोन लटकून राह्यला, मले झोप येईन का? घरचेच कपडे देतो मी. त्याचंच करून आना."

कारखानदार फोनवर ओरडले, "मी शिंपी आहे का?" पण शनिवारी संध्याकाळी यंत्र तसंही साफ करायचं असतं, साफ झाल्यावर पहिला घाणा तुमचा, एवढ्यावर ते आले. काकूंनी दोन पोती भरून दिली. साड्या, परकर, सरांचे शर्ट, पलंगपोस. दहा दिवसांनी शीट आली. करडी-निळसर, मधूनच गुलाबी धागे. काकूंनी त्या धाग्यांवरून हात फिरवला आणि कोणत्या लग्नातली कोणती साडी ते मला ओळखून दाखवलं.

कारखान्यात कपडे पिंजण्याआधी बटणं आणि हुक काढून घेतात. ती त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पाठवली होती. आपला व्यवहार किती चोख, हे दाखवावं म्हणून मी ती पिशवी काकूंना न देता थेट सरांच्या हातात ठेवली. छताचं काम तोवर अर्धं झालं होतं.

सरांनी पिशवी उघडली. बोटाने बटणं सरकवत राहिले. मग चार मोठी, तपकिरी, विणलेल्या चामड्याची बटणं तळहातावर घेतली.

"ही माझ्या कोटाची आहेत."

काकू एकदम जिन्याकडे निघाल्या.

"कोट कुठे आहे?" सरांनी मला विचारलं. मी वर पाहिलं. दुसरं काय करणार?

तो कोट ते शाळा तपासणीच्या दिवशी घालत. काकूंनी जिन्यातूनच सांगितलं, "बारा वर्षं झाले, अंगाले लावला नाई तुमी."

"घालणार होतो."

"कुठी?"

सरांनी मला हळू आवाजात विचारलं, "निघेल का?"

"सर, त्याचे धागे झाले."

त्यांनी कारागिरांना शिडी उतरायला सांगितली. उरलेलं छत तसंच राहील, म्हणाले, आणि खुर्ची ओढून उघड्या टिनाच्या बरोबर खाली बसले. एप्रिलची अखेर होती. हसावं की माफी मागावी हे मला कळेना. कोटाला मी हातही लावला नव्हता, तरी घरी येईपर्यंत चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शीट परत न्यायच्या तयारीने गेले. काकूंनी ओठांवर बोट ठेवून मला वर नेलं. खुर्ची पूर्ण झालेल्या अर्ध्या छताखाली होती, आणि सर तिच्यात गाढ झोपलेले.

"सकाळी तिकडं होती," काकू कुजबुजल्या. "मी चहा द्याले आली तवा मधात. जेवाले बोलवाले आली तं इथं. हळूहळू सरकून राह्यले."

आमच्या कुजबुजीने सरांना जाग आली. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलाला आत घ्यावं तसं म्हणाले, "बरं. उरलेलं लावून टाका."

कारागिरांनी संध्याकाळपर्यंत काम पुरं केलं. खोली काही थंडगार झाली नाही, होईल असं मी कोणाला सांगतही नाही. पण डोक्यावर टिन भाजत नव्हतं, आणि मे महिन्यात सर दुपारी वर बसू लागले. स्वयंपाकघर सुटल्याचा काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी मला पुरणाचं जेवण घातलं. जेवताना सर माझ्याशी तुटकच बोलले. मला वाटलं, राग गेलेला नाही.

जूनमध्ये वडनेरच्या एका ठेकेदाराचा फोन आला. त्याच्याकडे तीन घरांचं बांधकाम चालू होतं, तिन्ही टिनाची. मी बर्फाचे डबे, माहितीपत्रकं, सगळं घेऊन पोहोचले. त्याने मला बोलूच दिलं नाही. दोन्ही हात जोडून उभा.

"काई सांगू नका ताई. किती लागते तेवढं मोजून घ्या. सरांचा फोन आलता. मी त्यांच्या वर्गात होतो. फक्त त्याईले सांगजा, मी लगेच हो म्हटलं."