सुताएवढी तार

शाळेतल्या बाईंच्या घरातली लाईट गेली की आमच्या ओट्यावरून लगेच कळायचं. त्यांचं घर आमच्या समोरच, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. त्यांची खिडकी काळी झाली की ती मला दिसायच्या आत आमच्या मालकांना दिसायची. ताटातली भाकरी तशीच टाकून उठायचे, हात धुवायचे, कोनाड्यातली पक्कड घ्यायचे आणि भिंतीवरच्या आरशात बघून केसांवरून फणी फिरवायचे. फ्यूज घालायला माणूस भांग पाडून जातो, हे मी माझ्याच घरात पाहिलं.

“अवं, भाकरी तरी संपवा,” मी म्हणायची.

“बाई अंधारात बसल्यात.”

“मग बसू द्या की. आपुन जल्म काढला अंधारात.”

तोवर हे वाट ओलांडून गेलेले असायचे. थोड्या वेळानं समोरची खिडकी पिवळी व्हायची. ती पिवळी झाल्यावर माणसाला चार पावलं परत यायला किती वेळ लागावा? पण तिथं चहा व्हायचा. कपबशीतला, साखरेचा. हे घरी येऊन सांगायचेसुद्धा, लपवाछपवी नाही. “साखरेचा व्हता,” म्हणायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. आमच्याकडे तेव्हा गुळाचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ही गोष्ट साठ सालानंतरची. आमचं गाव मुळशीतलं, पौडापासून चालत जाण्याजोगं. धरण आमच्या तालुक्यात, पाऊस आमच्या डोंगरांवर आणि त्यावरची वीज मात्र कित्येक वर्षं मुंबईला. आम्ही चिमणीच्या काजळीत. तेव्हा दुसऱ्याच्या उजेडावर जळायची सवय मला बाई येण्याच्या आधीपासूनची होती. शेवटी एकदाच्या तारा गावात आल्या. मालक तरुणपणी धरणावरच्या वसाहतीत वायरमनच्या हाताखाली होते, त्यामुळे गावात विजेचं समजणारे तेवढे एकटेच. तिथल्या जुन्या बंगल्यातून काढलेले दोन बोर्ड त्यांनी भंगारातून उचलून आणले. काळपट लाकडाचे, वर चिनी मातीचे फ्यूज. एक आमच्या माजघरात बसवला, दुसरा समोरच्या घरात. समोरचं घर एका मुंबईकराचं, तो नोकरीला तिकडेच. पुढे शाळेत बाई बदलून आल्या, तेव्हा त्यानं ते त्यांना भाड्यानं दिलं. म्हणजे वीज आमच्या गावाला नवी होती, पण बोर्ड आला तोच म्हातारा होऊन आला होता.

बाई पुण्याच्या. लग्न झालेलं नव्हतं. पाठ ताठ, बोलणं हळू, आणि पातळाला रोज इस्त्री. विजेची इस्त्री त्यांनी पुण्याहून आणली होती. ती मी पाहिली आणि मलाही हवीच झाली. मालक म्हणाले, “तुला कशाला इस्तरी? भात लावाया जाताना?” पण मी अबोला धरला आणि इस्त्री आली. नऊवारीला इस्त्री करता करता माझा खांदा मोडला, तरी मी करायची, आणि मुद्दाम ओट्यावर येऊन उभी राहायची. मग बाईंनी विजेची शेगडी आणली. महिनाभरात आमच्याकडेही शेगडी आली. चूल पेटलेली असतानाही मी चहा शेगडीवर करायची.

आता बघा. बोर्ड दोन्हीकडे सारखाच. इस्त्री सारखी, शेगडी सारखी. मग त्यांच्याकडचा फ्यूज दर दोन दिवसांनी उडायचा आणि आमच्याकडचा नाही, असं का? आमच्याकडे तो एकदाच उडाला होता, माझे भाऊ जेवायला आले होते तेव्हा. त्यानंतर कधीच नाही. मी यावरून सरळ हिशेब केला की बाई मुद्दाम काहीतरी करतात. खटका उलटासुलटा करत असतील, तारेला हात लावत असतील. शिकलेल्या बाईला काय अवघड आहे? विहिरीवर बायका मला चिडवायच्या. एक म्हणायची, “तुजा मालक तिकडंच पथारी का टाकीत न्हाई? येण्याजाण्याचा तरास तरी वाचंल.” सगळ्या हसायच्या आणि मीही हसायची. घागर मात्र डोक्यावर घ्यायची राहून जायची.

एकदा मी यांना म्हटलं, “त्यो बोर्डच बदला की तितला. नवा घाला, म्हंजी तुमचं हेलपाटं वाचतील.”

“मुंबईकर ऐकंना. मी लई वेळा सांगितलं.”

माझा विश्वास बसला नाही. ज्याला रोज पंगतीचं आमंत्रण आहे तो कशाला आचाऱ्याला घरी पाठवील?

म्हणून एका बाजाराच्या दिवशी, हे पौडाला गेले की मी पदर खोचला आणि वाट ओलांडली. बाई इस्त्री करत होत्या.

“बाई, तुमचा फूज सारखा का जातो, त्ये बघाया आलेय.”

मला वाटलं होतं, चेहरा पडेल. उलट त्यांना बरंच वाटलं. “या ना, वहिनी. हे तर रोजचंच झालंय,” म्हणाल्या आणि मला बोर्डापाशी घेऊन गेल्या. “हा दिवा बघा. इस्त्री लावली की कसा मिणमिणतो. आणि इथं वास घ्या.” मी नाक पुढे केलं. चुलीजवळ रबरी चप्पल राहिली की येतो, तसा वास. चिनी माती एका कडेला तपकिरी झाली होती. “आता हात लावा. लाकडालाच हं, दुसरीकडे नको.” मी तळवा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळासारखं लाकूड होतं ते. भिंतीवरचं निर्जीव लाकूड असं गरम लागलं आणि मी हात झटक्यात मागे घेतला.

बाईंनी मोठा खटका खाली ओढला, फ्यूज उपसला आणि माझ्यासमोर धरला. आत एक बारीक तार होती. सुताएवढी, एकपदरी.

“मी म्हटलं होतं, जरा जाड घाला, म्हणजे तुम्हाला सारखं यायला नको,” बाई म्हणाल्या. “तर माझ्यावर चिडलेच. म्हणाले, बाई, बोर्ड म्हातारा झालाय. त्याला जाड तार घातली तर तार ऱ्हाईल आन घर जळंल. तार जळू द्या. मी हाय ना घालाया.”

यांचं बोलणं त्यांनी हुबेहूब म्हणून दाखवलं. ‘मी हाय ना.’ लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, तीन पोरं झाली होती, पण हे तीन शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ते मला परक्या बाईच्या तोंडून ऐकावे लागले, तेही शुद्ध पुणेरी माणसानं आमच्या बोलीत म्हटलेले.

मी चहा न घेताच घरी आले. बाईंनी केला तसाच मोठा खटका खाली केला, धान्याच्या कोठीवर पाय ठेवून चढले आणि आमचा फ्यूज उपसला. तो निघता निघेना, चिकटून बसला होता. निघाला तेव्हा आत जी तार होती ती पाहून मला आधी काही कळलंच नाही. शेताच्या कुंपणाला बांधतात तसली तार. बोटांनी वाकवून पाहिली, वाकेना. फ्यूजमागचं लाकूड नखानं खरवडलं तर हाताला कोळसा लागला.

तिच्या घराला सुताची आणि माझ्या घराला कुंपणाची. आमचा फ्यूज उडत नव्हता तो यामुळे. आणि त्या बोर्डाच्या खाली माझी तीन पोरं निजायची.

मी कोठीवरच बसून राहिले. रडू आलं नाही. त्यांच्या चहाचा, भांगाचा, साखरेचा राग फार लहान वाटायला लागला. कोण कुणाकडे किती वेळ बसतं हा प्रश्नच नव्हता. कुणाचं घर जळू नये असं या माणसाला वाटतं, हा प्रश्न होता.

हे बाजारातून आले तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते. फ्यूज तळहातावर धरून विचारलं, “ह्ये काय हाय?”

यांनी पिशवी खाली ठेवली. “फूज.”

“आतली तार म्हनतेय मी. तिला सुताची आन मला कुंपणाची?”

हे ओट्यावर टेकले. मग म्हणाले, “आठव जरा. तुजं भाऊ पानावर बसलं व्हतं आन लाईट गेली. तू काय म्हनलीस समद्यांदेखत?”

मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, साऱ्या गावाला उजेड आणि आमच्यात दिव्याखाली अंधार, असला वायरमन काय चुलीत घालायचाय? भाऊ हसले होते.

“दुसऱ्या दिशी घातली ही तार,” हे म्हणाले. “म्हनलं, लाईट जायाला नको आन तुजं बोलणं ऐकाया नको. बोर्ड बदलायचाच व्हता. ऱ्हाऊन गेलं.”

“तिचं कसं न्हाई ऱ्हाऊन गेलं?”

“तितं फूज उडाला तर बाई च्या ठेवत्यात. हितं उडाला तर तू...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मला पुरं ऐकायचंही नव्हतं. दुसरी कुणी असती तर खजील झाली असती. मी झाले नाही. माझी जीभ कडू असेल, पण पोरं त्यांचीही होती. उलट मी बाईंवर आणखी जळले. चहाच्या आधणावर त्यांना जे मिळालं ते मला राबराबून मिळालं नव्हतं.

“दोन गोष्टी करा,” मी म्हटलं. “उद्या पुण्याला जा आन नवा बोर्ड आणा. आन मला फूज घालाया शिकवा.”

“तुला कशाला?”

“शिकवा म्हनते ना.”

नवा बोर्ड आला. शेगडीची तार निराळी, तिचा फ्यूज निराळा, खटका लोखंडी पेटीत. यांनी तो दोन दिवस खपून बसवला आणि मग मला शिकवलं. आधी मोठा खटका खाली. हात कोरडे. पायाखाली लाकडी पाट. तार ठरल्या जाडीचीच घ्यायची, फार ताणायची नाही, ढिली ठेवायची नाही, स्क्रूभोवती एक वळसा. इतकं सावकाश आणि गोड बोलून यांनी मला आजवर काहीच शिकवलं नव्हतं. त्यातही माझ्या मनात आलंच, तिलाही असंच समजावलं असेल का?

त्यानंतर समोरची खिडकी काळी झाली. हे उठायला लागले. मी म्हटलं, “बसा. जेवा निवांत.” पक्कड घेतली आणि मीच गेले. दार उघडल्यावर बाई म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही?”

“व्हय, मीच.”

फ्यूज घातला. चहा झाला, तोही मी घेतला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून मीच जायला लागले, आणि दर वेळी चहा ओतता ओतता बाई विचारायच्या, “आज ते नाहीत का घरी?”

“हायेत की. जेवत्यात.”

गावच्या जत्रेला मुंबईकर आला. मी त्याला देवळापासून ओढतच बाईंकडे आणलं. बाईंना इस्त्री लावायला सांगितली. तो म्हणाला, “त्यांनी इस्त्री वापरूच नये, म्हणजे झालं.” मी त्याचं मनगट धरलं आणि तळवा बोर्डाच्या लाकडावर दाबला. म्हटलं, “दिवा मिणमिणतोय. लाकूड तापतंय. वास येतोय. फूज उठसूट उडतोय. बोर्डानं आजून काय करायचं? तुमच्या नावानं हाका मारायच्या व्हय?” त्यानं हात काढून घेतला. पंधरा दिवसांत पुण्याहून वायरमन आला.

गावात माझं नाव झालं. काय मनाची मोठी बाई, शेजारणीसाठी किती झटली! मी ऐकून घेतलं. मला फक्त ती खिडकी पुन्हा काळी व्हायला नको होती.

नवा बोर्ड बसला त्या दिवशी यांना मी बैल बघायला घोटावड्याला पाठवलं होतं. वायरमन गेल्यावर बाई दारात आल्या. नव्या बोर्डाचा आनंद मला काही त्यांच्या तोंडावर दिसला नाही.

“आता फ्यूज जाणार नाही म्हणाला,” त्या म्हणाल्या.

“न्हाई जायाचा.”

“वहिनी, त्यांना माझा एक निरोप सांगाल?” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “म्हणावं, एवढा जुना बोर्ड होता, पण मला त्याची कधी भीती वाटली नाही.”

मी म्हटलं, “सांगते.”

दिवेलागणीला हे आले. आल्या आल्या विचारलं, “झाला बोर्ड?”

“झाला.”

“बाई काय म्हनल्या?”

“काय म्हनायच्या? बरा हाय म्हनल्या.”

यांनी नुसती मान हलवली. पुढल्या वर्षी बाईंची बदली झाली, कुठे ते मी विचारलं नाही. आता आम्ही दोघंही थकलोय, एकमेकांच्या आधारानं उठतो-बसतो. तो निरोप मी अजून दिलेला नाही, आणि द्यायचाही नाही.