चिठ्ठी न लागणारी गोळी

मी लिहावे एवढी माझी योग्यता नाही, क्षमा असावी; पण आमच्या मेडिकलवाल्यांविषयी गप्प बसवत नाही. लेकराचे औषध देताना ते मात्रा दोनदा समजावतात, बाटली हलवून दाखवतात. परवा आष्टीहून ऊसतोडीला निघालेल्या बाईने, दिवस राहू नयेत म्हणून तातडीने घ्यायची गोळी मागितली.

“नवऱ्याला पाठवा, ताई.”

“त्यो ट्रक भरतोय. आमाला आताच निगायचंय. पोट घेऊन फडात कोयता कसा चालवू?”

“मग डॉक्टरची चिठ्ठी आणा.”

ती गोळी न घेताच ट्रककडे परतली. पाठोपाठ आलेल्या तरुणाला त्यांनी तीच गोळी चिठ्ठीविना, हसत दिली. या गोळीला चिठ्ठी लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तुमच्या गावातला दुकानदार तिला ती देईल का?