सागाला कान लावणारे सर

काष्टीला आमच्या बांधापलीकडे सागाची प्रायोगिक लागवड आहे. लवकर वाढणारा आणि तरीही आतून पक्का राहणारा साग शोधायला तिथे एक सर येत. नाव कधी विचारलं नाही. ते एका जागी थांबतच नसत. खोडावर हातोडी ठोकायचे, कान लावायचे, की निघाले पुढच्या झाडाकडे.

वादळात त्यांचं सगळ्यात उंच झाड मोडलं. मोडलेल्या जागी अंगठा दाबत ते म्हणाले, "भराभर वाढलं, पण आत कच्चंच राहिलं."

पावसाळ्यात नवी रोपं लावताना त्यांनी मला एकदम विचारलं, "ताई, वय काय तुमचं?"

"तिसावं चालू हाय, सर."

"मग ही झाडं तोडतील तेव्हा आत पक्की आहेत का, बघा. तेव्हा मी नसेन."

आता वारा सुटला, की हातातलं काम टाकून मी बांधावर जाते.