सुनेची साडी नेसलेली बाई

आमच्याकडे कोणी विचित्र वागायला लागलं की ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ असं म्हणत. ठाणे म्हणजे तिथलं वेड्यांचं इस्पितळ. माहेरी आम्ही भावंडं भांडताना एकमेकांना तसंच चिडवायचो. पण सासूबाईंच्या बाबतीत माझ्या मोठ्या दिरांनी ते गाव दार लोटून घेऊन, हळू आवाजात उच्चारलं, तेव्हा ती थट्टा राहिली नव्हती.

ऐंशीच्या दशकातलं मधलंच एखादं वर्ष असेल. आम्ही डोंबिवलीत, कोपरला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. मागे खाजण, त्याच्यापलीकडे खाडी. नवरा कारखान्यात होता. त्याची दुपारपाळी असली की संध्याकाळी घरात आम्ही तिघीच: मी, चार वर्षांची माझी मुलगी आणि सासूबाई. सासूबाई रत्नागिरीकडच्या, सत्तरीच्या आसपासच्या. सकाळचा पेपर छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायच्या आणि दुपारी मला त्यातलं विचारायच्या, मी वाचलाय की नाही ते बघायला. त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. सासूबाई अर्धवट काही करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मीठ सोडलंच. त्यांची आमटी मी आधी वेगळी काढायची. मग अळणी जेवण जाईना, तसं त्यांचं खाणंच कमी झालं. मला वाटलं, पथ्याची सवय झाली की खातील.

त्याच सुमारास एक तरुण डॉक्टरीण आमच्या भागात घरोघर फिरत असे. पुढच्या शिक्षणासाठी ती म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचा अभ्यास करत होती. आमच्याकडेही आली. पडलात का कधी, झोप लागते का, आज वार कोणता, असं विचारायला लागली. सासूबाईंनी उलट तिचीच मुलाखत घेतली. गाव कुठलं, लग्न का नाही केलं, म्हाताऱ्यांत एवढं काय बघण्यासारखं आहे. शेवटी तिला कुळथाचं पिठलं कसं करतात तेही सांगितलं. ती हसत हसत गेली.

त्यानंतर महिनाभरात ते सुरू झालं. दिवेलागणीची वेळ होती. मी देवापाशी निरांजन लावत होते. सासूबाई कॉटवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “त्या मुलांना पाणी दे गं. कधीची उभी आहेत.” मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. कुठली मुलं, असं विचारल्यावर त्यांनी कपाटाशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “त्यांचे केस ओले आहेत बघ,” म्हणाल्या. हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की मला त्या कोपऱ्याकडे पुन्हा बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बऱ्याच ठीक होत्या, फक्त पेपर उलटा धरून बसल्या होत्या. दुपारी नुसत्या झोपून राहिल्या. ऊन उतरलं तशी पुन्हा गडबड सुरू. पदराची टोकं चाचपायच्या, हवेतलं काहीतरी वेचायच्या. मी चहा घेऊन गेले तर कप घेईनात. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून त्यांनी विचारलं, “तू कोण? माझ्या सुनेची साडी का नेसलीस?”

मी म्हटलं, “आई, मीच आहे.” त्या भिंतीकडे सरकल्या. तेवढ्यात मुलगी खेळत खेळत जवळ आली, तर त्यांनी तिचं मनगट पकडून तिला कॉटवर ओढलं. पोर रडायला लागली तरी सोडेनात. कृश बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. मी बोटं एकेक करून सोडवली आणि मुलीला घेऊन स्वयंपाकघरात गेले. पहिलं काम केलं ते विळी उचलून माळ्यावर टाकण्याचं. मग सुरीही टाकली. ज्या बाईने माझं बाळंतपण केलं, तिच्यापासून मी विळी लपवत होते.

रोज चार वाजायच्या आत मी घरातली कामं उरकायला लागले. मुलीला मी शेजारणीकडे नेऊन बसवायची. शेजारीण म्हणाली, हे बाहेरचं आहे, खडवलीला एकजण बघतो, न्या. नवऱ्याने टिटवाळ्याहून मोठ्या भावाला बोलावून घेतलं. सासूबाईंनी त्यांनाही ओळखलं नाही. जेवणाचं ताट ढकलून दिलं, यात विष आहे म्हणाल्या.  दिरांनी दार लोटलं आणि म्हातारपणी डोकं जातं, घरात लहान मूल आहे, सोमवारी ठाण्याला दाखवू, असं सांगितलं. नवरा खाली मान घालून हो म्हणाला. मीही नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ त्या सुटकेचीच भीती वाटली.

शनिवारी सकाळी ती डॉक्टरीण समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातून उतरताना मला खिडकीतून दिसली. मी तशीच चपला न घालता खाली धावले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “कधीपासून?”

मी म्हटलं, वय झालंय त्यांचं. ती म्हणाली, “वय मला माहीत आहे. कोणत्या दिवसापासून, ते सांगा.”

मी सांगितलं, मंगळवार. ती भराभरा जिना चढायला लागली. चढतानाच म्हणाली, की म्हातारपणाचा विसर वर्षानुवर्षं हळूहळू येतो. एका मंगळवारी येतो तो विसर नसतो, शरीरात काहीतरी बिघडल्याची ती खूण असते. “महिन्यापूर्वी ह्याच आजींनी मला पिठल्याची कृती एकदाही न अडखळता सांगितली होती, मला चांगलं आठवतंय.” वर येऊन तिने सासूबाईंची जीभ, नाडी, पाय बघितले, गोळ्यांची पाकिटं मागितली आणि त्या काय काय खातात ते विचारलं. मिठाचं सांगितल्यावर ती थांबली. “अजिबात नाही?” म्हणाली. “आणि ही गोळी रोज?”

रक्तातलं मीठ मोजायची सोय तेव्हा आमच्या आसपास नव्हती. तिने रक्त काढून दिलं, नवरा ती बाटली रुमालात गुंडाळून ठाण्याच्या लॅबोरेटरीत घेऊन गेला. मीठ फार खाली गेलेलं निघालं. मीठ इतकं उतरलं की माणसाला भ्रम होतो, असं डॉक्टरणीने सांगितलं. तिच्या ओळखीच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये सासूबाईंना ठेवलं. गोळी बंद झाली, सलाईन लागलं. मला वाटलं होतं, आता तासाभरात उतार पडेल. पण ती म्हणाली, घाई केली तर मेंदूला धक्का बसेल, थेंब थेंबच द्यायला हवं. त्या संध्याकाळी सासूबाई सुई उपटायला लागल्या, म्हणून नर्सने त्यांचे हात बँडेजने कॉटला बांधले. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या आणि पुटपुटत होत्या, “पोरीला सोड. पोरीला सोड.” मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बांधलेल्या अवस्थेतच त्या गेल्या तर, हा विचार डोक्यातून जाईना.

डॉक्टरीण माझ्या शेजारी येऊन बसली. मी विचारलं, असं पुष्कळांचं होतं का? ती म्हणाली, “तेच तर मला शोधायचंय. म्हाताऱ्या माणसांवरची पुस्तकं सगळी बाहेरच्या देशांतली आहेत. आपल्याकडे अशी किती माणसं वय झालं म्हणून कोपऱ्यात पडून राहतात, हे कोणी बघितलेलंच नाही. मी विचारते तर लोक म्हणतात, आता कशाला?”

उतार पडायला तीन दिवस गेले. सकाळी मी पाणी पाजायला गेले तर त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “किती वाळलीस गं. जेवलीस का काल?” मला रडू आवरेना.

घरी आल्यावर आठवड्याभराने आम्ही दोघी दुपारी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. मी आजाराचा विषय काढत नव्हते. त्यांना त्यातलं काही आठवत नसेल, असं मी धरून चालले होते. त्याच एकदम म्हणाल्या, “मला सगळं आठवतंय.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांना ऐकू येणारा आवाज माझाच होता, पण चेहरा दुसऱ्या कोणा बाईचा. त्यांना वाटलं, ह्या बाईने सुनेला मारलं आणि तिची साडी नेसून ती घरात शिरली. “नातीला मी ओढलं ते तुझ्यापासून वाचवायला,” त्या म्हणाल्या. “तू तिला हिसकावून नेलंस आणि आत जाऊन विळी उचललीस. मला आवाज आला.”

वाल माझ्या हातातच राहिले. मी त्यांना भ्यायले होते, त्याहून कितीतरी जास्त त्या मला भ्यायल्या होत्या.

“ठाण्याला नेणार होतात ना? दार लोटलं तरी ऐकू येत होतं मला.”

“हो. सोमवारी.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तिथे मी सगळ्यांना सांगितलं असतं, माझ्या सुनेला मारलंय म्हणून. कोणी ऐकलं नसतं.” आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

पुढे डॉक्टरणीने मला आठवड्यातून दोनदा सोबत यायला सांगितलं. खाडीकडच्या कोळी घरांत परकी बाई बघून म्हाताऱ्या दार उघडत नसत, बरोबर इथेच राहणारी बाई असली की आत घेत. सासूबाईंनीच मला पाठवलं. मुलीला मी सांभाळते म्हणाल्या, आणि मी मुलीला निर्धास्त त्यांच्यापाशी ठेवून गेले.

सगळीकडे असं मीठ घालून बरं होणारं दुखणं नसायचं. एका घरात मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत एक म्हातारा कोळी अंधारात बसला होता, कधीकाळी स्वतःची होडी असलेला. कधीपासून, असं विचारल्यावर त्याच्या सुनेने बोटं मोजली, मग सोडून दिली. आधी भरती-ओहोटी विसरले, मग घराची वाट, मग पोरांची नावं. चार-पाच वर्षं झाली असतील, म्हणाली.  डॉक्टरणीचा चेहरा बघूनच मला कळलं, की हे दुसरं, हळूहळू येणारं दुखणं आहे.

सुनेने विचारलं, “मंग आता काय करायचं?”

“बरं होणारं नाही,” डॉक्टरीण म्हणाली. मग म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसून तिने त्या सुनेला सांगितलं, की जवळ जाताना आधी आपलं नाव सांगत जा, रोज, प्रत्येक वेळी. अंधार पडायच्या आधी दिवा लावा. कडी काढा, त्याऐवजी कोणीतरी दाराशी बसा.

सून दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांतली भीती माझ्या ओळखीची होती. मी तिच्याजवळ गेले आणि आमच्या घरी काय झालं ते तिला सांगितलं, विळीसकट. तिने ऐकून घेतलं. मग ती सासऱ्यापुढे जाऊन बसली, आपलं नाव सांगितलं, आणि त्याने हात पुढे केला तेव्हा मागे सरकली नाही.