गंगारामकाकांची चार बोटं

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात आणि तुम्ही हिंगोलीला, असं बायकोनं ऐकवलंच. पण ऑफिसातला शंकर दोन वर्षं त्याच्या गावच्या तलावाचं सांगत होता, म्हणून त्याच्याबरोबर निघालो. हिंगोलीहून नांदेडची एसटी धरा, डोंगरकड्याला उतरा, पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

तलावावर भोयांची बारा घरं जगतात. नियम एकच: पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक जाळ्याच्या भोकातून शंकरचे वडील गंगारामकाका यांची चार बोटं गेली पाहिजेत. म्हणजे बारीक मासळी निसटते, वाढते. कुणी तक्रार करत नाही, तरी मासळी दरवर्षी घटत होती. दोन घरं नांदेडला हमालीला गेली होती.

सकाळी भाकरी आणि रोहूचा रस्सा खाऊन आम्ही लिंबाखाली गेलो. नवी जाळी मांडलेली. काकांनी एकेक तपासून पास केलं. मी गंमत म्हणून हात घातला, तर बोटं अडकली. शहरातली बोटं म्हणून सगळे हसले. मग गावीच राहणारी शंकरची बायको सुमन हिनं हात घातला. तिचीही अडकली.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "अंगठीला दोरा कवापासून गुंडाळून राहिले तुमी?"

काकांनी हाताकडे पाहिलं. आजारपणात बोटं रोडावली, तेव्हापासून पाच वर्षं, चांदीची अंगठी गळू नये म्हणून ते दोरा गुंडाळत होते.

"म्हंजी पिल्लं मीच मारून राहिलो," ते म्हणाले.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. शंकरनं माळ्यावरचं, आजारपणाआधीचं जुनं जाळं आणलं. त्याच्या भोकाच्या मापाचा बाभळीचा तुकडा तासला. तो एकाही नव्या जाळ्यातून गेला नाही. औंदा खायचं काय, असं कुणीतरी विचारलं. काकांनी सर्वांत आधी स्वतःचं जाळं गुंडाळून बाजूला ठेवलं. मग एकेक करून बाकीच्यांनीही ठेवली.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. कॅमेऱ्यातला रोल धुतला तेव्हा त्या सकाळचा एकही फोटो निघाला नाही, माझ्याच्यानं काढवलाच नव्हता. मासळी जरा वाढली आहे, असं शंकर सांगतो. नांदेडला गेलेल्यांपैकी एक घर परत आलं. वाळलं की लाकूड आकसतं, म्हणून काका तो तुकडा दर उन्हाळ्यात जुन्या जाळ्याशी जुळवून बघतात. माप आता सुमन घेते. तपासणी चालू असते तेव्हा काका दोन्ही हात धोतराच्या सोग्याखाली घेऊन बसतात.