दादासाठी भरलेली कॅसेट

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या छोट्या संग्रहालयाने माझ्या धाकट्या भावाच्या वस्तूंसाठी एक भिंत आणि काचेची दोन कपाटं दिली. यादी मी केली: एकशे त्रेसष्ट कॅसेटी, पॉप गायकांची एकेचाळीस पोस्टरं, कार्यक्रमांची नऊ तिकिटं. तीनदा पडताळली. तो जाऊन वीस वर्षं झाली होती आणि हे सगळं चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी एका पेटीत पडून होतं.

नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पाळी करायचा आणि घरी येऊन, अंगावरची धूळ न झटकताच गाणी लावायचा. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा. माझा दिवस सरकारी कार्यालयात, जुन्या राजधानीतून म्हणजे भोपाळहून आलेल्या फायलींचे गठ्ठे मोजण्यात जायचा. डोकं उठलेलं असायचं.

एकदा मी म्हटलं, "हे गाणं होय का मिल चालून राहिली? एक शब्द समजत नाही."

तो हसला. "मिलमधून तं आत्ताच आलो, दादा. तिथं इतका ताल नसते."

पण बोलणं त्याच्या मनात राहिलं असावं. महिन्याभराने त्याने एक कॅसेट माझ्यासमोर ठेवली. कोरी कॅसेट आणून, आपल्या संग्रहातली संथ, शब्द कळतील अशी गाणी निवडून त्याने तीत भरली होती. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'दादासाठी'.

"यातले सगळे शब्द समजतात. ऐकून सांग मले," तो म्हणाला.

रविवारी ऐकतो, असं मी म्हणालो. त्या दिवसांत बऱ्याच रविवारी मी कार्यालयात असायचो, हे खरं आहे. पण कारण ते नव्हतं. मला ऐकायचीच नव्हती. त्याने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. चार महिन्यांनी त्याला कावीळ झाली आणि त्यातून तो उठला नाही. नंतर ती ऐकायची माझी हिंमत झाली नाही.

उद्घाटनाला गेलो तर त्या कॅसेटखाली हिंदीत चिठ्ठी होती: 'संग्राहक ने अपने दादाजी के लिए भरी।' हिंदीत दादा म्हणजे आजोबा. शेजारी उभी असलेली एक बाई आपल्या मुलीला सांगत होती, बघ, आजोबांवर किती जीव होता याचा. आमचे आजोबा तर त्याच्या जन्माआधीच गेले होते.

माझी मुलगी म्हणाली, "पापा, जाने दो ना। इतना कौन पढ़ता है।"

मला जाऊ देता आलं नाही. त्याच्यामागे मला दादा म्हणणारं कोणी राहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. संग्रहालय सांभाळणाऱ्या दीदींना ती चूक दाखवली.

"तो फिर दादा कौन हैं?" त्यांनी विचारलं.

"मैं," मी म्हणालो.

त्यांनी लगेच नवी चिठ्ठी लिहिली, 'बड़े भाई के लिए'. मग खरं तर मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. ही कॅसेट एकदा इथेच लावता येईल का?

दीदींनी सांगितलं, मांडण्याआधी त्यांनी सगळ्या कॅसेटी एका जाणकाराकडून वाजवून पाहिल्या होत्या. भावाने शेकडो वेळा घासलेल्या अजून वाजत होत्या. ही मात्र फिरलीच नाही. आतल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटले होते, ओढली तशी ती तीन ठिकाणी तुटली. मधूनमधून वाजवली असती तर सुटी राहिली असती, असं तो जाणकार म्हणाला होता.

"आपने तो सुनी होगी न, पहले?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

घरी न्यायची असेल तर यादीतून कमी करून देते, असं त्या म्हणाल्या. त्यालाही मी नको म्हटलं. घरी नेऊन मी ती पेटीतच ठेवली असती, आणि ते वीस वर्षं करून झालं होतं.